जाणवत नसताना ‘तो सोबत आहे’ असे कसे म्हणावे?

प्रश्न : शोधयात्री

प्रभू येशूच्या नावाने सर्वांना सलाम.

गेली अकरा वर्षे मी आमच्या मंडळीच्या संडे स्कूलमध्ये आठ ते दहा वर्षांच्या मुलांना शिकवतो. मागच्या महिन्यात ‘प्रभू सदैव आपल्याबरोबर आहे’ हा पाठ होता आणि त्यासाठी मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील वादळाची गोष्ट घेतली होती. गोष्ट सांगून झाल्यावर मुले मचव्याचे चित्र रंगवीत बसली. झोपलेल्या येशूच्या डोक्याखालची उशी पिवळ्या खडूने रंगवता रंगवता एका मुलीने मान वर न करता मला विचारले, “सर, तुम्हांला तो आत्ता जाणवतोय का?” मी “हो” म्हणालो. ते खोटे होते.

आठ महिन्यांपूर्वी दीर्घ आजारानंतर माझे वडील वारले. आजारपणात त्यांच्या खाटेशी बसून आम्ही रोज प्रार्थना करीत असू आणि त्या दिवसांत देव खोलीतच आहे असे मला खरोखर वाटत असे. दफनविधी उरकून घरी आलो त्या रात्रीपासून मात्र प्रार्थनेला बसलो की, समोरचे माणूस केव्हाच उठून गेले आहे आणि आपण आपले बोलतच आहोत, अशी अवस्था होते. देव आहे, येशू ख्रिस्त त्याचा पुत्र आहे, तो मेलेल्यांतून उठला, यांपैकी कशाविषयीही माझ्या मनात शंका नाही. शंका आहे ती ‘माझ्याबरोबर’ या एका शब्दाविषयी.

जी सोबत मुळीच जाणवत नाही, तिच्यावर भरवसा ठेवणे म्हणजे विश्वास, की नुसती मनाची समजूत? आणि त्या मुलीला मी काय सांगावे? ‘प्रार्थना वाढवा’, ‘आयुष्यात काही पाप लपले आहे का ते पाहा’, हे दोन्ही सल्ले मला मिळाले आहेत आणि दोन्ही मी प्रामाणिकपणे पाळून पाहिले आहेत. म्हणून कृपया त्यापलीकडचे काही असेल तर लिहावे, ही विनंती.

उत्तर : जुना पाळक

बंधू, सर्वप्रथम आपल्या वडिलांविषयी मनापासून सहानुभूती. चौतीस वर्षांच्या सेवेत मी पुष्कळ दफनविधी चालवले, आणि विधीच्या दिवशी खंबीर उभी राहिलेली माणसे काही महिन्यांनी, घरातली वर्दळ ओसरल्यावर, आतून कोसळताना पाहिली. त्यामुळे आठव्या महिन्यात आपण हे लिहीत आहात याचे मला नवल वाटत नाही.

आपल्या प्रश्नात दोन क्रियापदे एकमेकांत मिसळली आहेत, ती आधी वेगळी करू. ‘असणे’ आणि ‘जाणवणे’. प्रभूने दिलेले वचन पहिल्या क्रियापदात आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील अगदी शेवटचे वाक्य आपण मुलांकडून पाठ करून घेतले असेल : “युगाच्या समाप्तीपर्यंत मी सर्व दिवस तुमच्याबरोबर आहे.” येथे ‘सदैव’ हा गुळगुळीत शब्द नाही, ‘सर्व दिवस’ असे शब्द आहेत, आणि मूळ ग्रीक वाक्यातही नेमके तेच आहेत. दिवस मोजावेत तसे ते वचन आहे. वडिलांच्या खाटेशी बसलेला दिवस त्यात मोजला गेला, दफनाचा दिवस मोजला गेला आणि त्यानंतरचे कोरडे दोनशे-अडीचशे दिवसही मोजले गेले. ‘मी तुम्हांला सर्व दिवस जाणवत राहीन’ असे मात्र त्याने कोठेही म्हटलेले नाही. जे वचन दिलेच नव्हते ते मोडले म्हणून आपण बहुतेक वेळा रडत असतो. असे रडण्यात अपराध नाही, पण कशासाठी रडतो आहोत हे ठाऊक असावे.

त्याच अध्यायात तीन ओव्या मागे जाऊन पाहा. डोंगरावर शिष्यांनी उठलेल्या प्रभूला पाहून नमन केले, “पण कित्येकांना संशय वाटला,” असे मत्तय लिहितो. म्हणजे सोबतीचे हे वचन ज्या अकरा जणांना दिले गेले, त्यांतील काही जण त्या घटकेला, प्रभू डोळ्यांसमोर उभा असतानाही, साशंक होते. त्यांना वेगळे काढून उरलेल्यांना वचन दिले, असे झाले नाही. एवढी एकच ओवी असती तरी मला पुरली असती.

आता ‘समजूत’ या शब्दाविषयी. मनाची समजूत आणि विश्वास यांत फरक कसा ओळखावा, हा प्रश्न मला स्वतःला तरुणपणी फार छळत असे. समजूत घालणारा माणूस उलट बाजूचा पुरावा झाकून ठेवतो. दुखरी जागा दिसू नये म्हणून तो विषय बदलतो. पवित्र शास्त्र तसे करीत नाही. स्तोत्रसंहितेतील 88वे स्तोत्र काढून वाचा. पहिल्या ओळीत देवाला ‘माझ्या उद्धारक देवा’ अशी हाक आहे आणि नंतर शेवटपर्यंत तक्रार आहे. इतर विलापस्तोत्रे बहुधा शेवटी स्तुतीकडे वळतात, हे मात्र वळत नाही. मूळ हिब्रूत त्याचा अगदी शेवटचा शब्द ‘अंधार’ असाच आहे. देवाच्या लोकांनी हे स्तोत्र गाळून टाकले नाही, उपासनेत गायले. ज्यांना केवळ स्वतःचे समाधान करून घ्यायचे असते, त्यांनी हे स्तोत्र जपून ठेवले नसते.

आणखी एक बारीक गोष्ट लक्षात आणून देतो, कारण तीच माझ्या उत्तराचा गाभा आहे. 23वे स्तोत्र आपल्याला तोंडपाठ असेल. हिरवी कुरणे आणि संथ पाणी येते तेथे दावीद देवाविषयी बोलतो : तो मला नेतो, तो माझा जीव ताजातवाना करतो. परंतु मृत्युच्छायेच्या दरीत पाऊल पडताच सर्वनाम बदलते : “कारण तू माझ्याबरोबर आहेस.” कुरणात ‘तो’ असलेला देव दरीत ‘तू’ होतो. दरीत उजेड वाढला असे स्तोत्रकर्ता म्हणत नाही. मेंढपाळ दिसला असेही म्हणत नाही. फक्त आकडी आणि काठी यांनी धीर मिळतो म्हणतो. अंधारात मेंढराला मेंढपाळाचा चेहरा दिसत नाही, काठी लागते तेवढीच कळते.

आता आपल्या प्रार्थनेकडे पाहा. समोरचे माणूस उठून गेले आहे असे वाटत असतानाही आपण आठ महिने ‘तू’ म्हणून बोलत आहात. जो नाहीच, त्याच्याकडे कोणी तक्रार करीत नाही. या तक्रारीला मी अविश्वास म्हणायला तयार नाही.

उत्तर : रात्रपाळी

पाळकसाहेबांनी लिहिलेले मी दोनदा वाचले आणि मला ते पटले. पण सर्वनामांचा फरक पहाटे तीन वाजता आठवत नाही, म्हणून मी माझ्या कामातले लिहिते.

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. ज्या रुग्णांना श्वसनयंत्रावर ठेवून झोपेचे औषध सुरू असते, त्यांना दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. ओठ कोरडे पडतात, ते ओल्या कापसाने टिपावे लागतात. दर तासाला नाडी, रक्तदाब आणि प्राणवायूचे प्रमाण तक्त्यावर लिहावे लागते. रुग्णाला हात लावण्यापूर्वी आम्ही त्याचे नाव घेऊन काय करणार आहोत ते सांगतो, जरी त्याच्याकडून काहीच प्रतिसाद येत नसला तरी.

अशाच एका आजोबांना पुढे शुद्ध आली. यंत्र निघाले, आवाज परत आला, आणि त्यांनी मला पहिली तक्रार केली ती ही की, “त्या सगळ्या रात्री मी एकटाच होतो, कोणी जवळ फिरकले नाही.” मला रडूच आले. मी वाद घातला नाही. मी त्यांचा तक्ता आणला आणि त्यांच्या हातात दिला. त्यावर अकरा, बारा, एक, दोन, तीन अशा प्रत्येक तासापुढे माझ्या अक्षरात नोंद होती. त्यांनी बराच वेळ बोट फिरवून त्या नोंदी वाचल्या. त्यांना त्या रात्रींतले काहीच आठवले नाही, अजूनही आठवत नसेल. पण त्यांनी माझ्या अक्षरावर विश्वास ठेवला.

दाखला अपुरा आहे हे मला ठाऊक आहे. माझी पाळी सकाळी संपते आणि मी घरी जाते. इस्राएलाचा रक्षक डुलकीही घेत नाही, असे 121वे स्तोत्र सांगते. तरी मला स्वतःला या तक्त्याचा फार आधार वाटतो. पवित्र शास्त्र मी आता तसेच वाचते.

दुसरे, हे थोडे रोखठोक लिहिते, दादा, राग मानू नका. आपली झोप कशी आहे? जेवण जाते का? वडिलांच्या आजारपणात आपण किती रात्री जागून काढल्या? पहिल्या राजांच्या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा प्राण घे’ असे म्हणतो, तेव्हा देवाने त्याला लगेच उपदेश केलेला नाही. तो झोपतो. दूत त्याला स्पर्श करून उठवतो आणि खायला सांगतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी ठेवलेले असते. तो खातो आणि पुन्हा झोपतो. दूत पुन्हा येतो, पुन्हा खायला घालतो. होरेब डोंगरावरची देवाची ती मंद वाणी त्यानंतर चाळीस दिवसांनी ऐकू येते. थकलेल्या शरीराला देवाची सोबत पहिल्यांदा भाकरीच्या रूपाने कळली. झोप उडालेली असेल, सकाळी उठण्याची इच्छा होत नसेल, जगणे नको वाटत असेल, तर प्रार्थना चालू ठेवूनच डॉक्टरांना भेटा. औषध घेणे हा विश्वासाचा पराभव आहे, असे जर कोणी म्हणाले तर त्यांना ही भाकर दाखवा.

उत्तर : तिसरा बाक

विषयाला थोडी वेगळी बाजू आहे, ती मांडतो, कारण प्रश्न लहान मुलीच्या संदर्भात आला आहे.

‘देव सतत तुझ्याजवळ आहे’ हे वाक्य मी लहानपणी धमकी म्हणून ऐकले. खोटे बोललो की देव बघतो, साखर चोरली की देव बघतो. देवाची सोबत म्हणजे कधीच न मिटणारा डोळा, असे माझ्या मनाने घेतले, आणि पुढे तरुणपणी जेव्हा ती सोबत जाणवेनाशी झाली तेव्हा मला, खरे सांगतो, हायसे वाटले. 139व्या स्तोत्रातील “तुझ्या आत्म्यापासून मी कोठे जाऊ?” ही ओळ पळून जाऊ पाहणाऱ्या माणसाच्या तोंडची आहे असेच मला कितीतरी वर्षे वाटत होते.

माझे मन फिरले ते हागारेच्या गोष्टीने. उत्पत्तीच्या 16व्या अध्यायात ही मिसरी दासी, पोटात मूल घेऊन, मालकिणीच्या जाचाला कंटाळून रानात पळून गेली आहे. कोणीही तिला शोधायला आलेले नाही. झऱ्याजवळ परमेश्वराचा दूत तिला नावाने हाक मारतो आणि विचारतो, तू कोठून आलीस आणि कोठे चाललीस? तेव्हा ती देवाला नाव देते : एल-रोई, पाहणारा देव. शास्त्रात देवाला असे नाव देणारी ती पहिली व्यक्ती, आणि ती ना कुलपती आहे ना संदेष्टा. जिला घरात कोणी माणूस म्हणून पाहिले नव्हते, तिला पाहिले गेले. पाहणे म्हणजे पाळत ठेवणे नव्हे, पाहणे म्हणजे दखल घेणे, हे मला तेव्हा कळले.

म्हणून शोधयात्री सरांना विनंती : मुलांना शिकवताना ‘तो बघतो आहे’ हे वाक्य शिस्तीसाठी कधीही वापरू नका.

उत्तर : शोधयात्री

सर्वांचे आभार. ताई, राग अजिबात आला नाही. झोप खरोखरच उडाली आहे. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

पाळकसाहेब, ‘असणे’ आणि ‘जाणवणे’ यांतला फरक समजला. तरी एक काटा उरतो आणि तो इथेच काढावा असे वाटते. समजा, तो होता. प्रत्येक तासाची नोंद आहे असे समजू. पण वडील तर गेलेच. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 11व्या अध्यायात मार्था आणि मरीया दोघीही येशूला एकच वाक्य म्हणतात : प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता. मला त्याच्याही पुढे जाऊन म्हणावेसे वाटते की, प्रभूजी, आपण तर येथे होता, आणि तरीही. जी सोबत काही करीत नाही, तिचा उपयोग काय?

उत्तर : जुना पाळक

या प्रश्नाला माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही आणि असल्याचा आव मी आणणार नाही. जे थोडे हाती लागले आहे ते सांगतो.

बहिणींच्या त्या वाक्यावर येशूने त्यांना दटावले नाही. मार्थेला त्याने वचन दिले, “पुनरुत्थान व जीवन मीच आहे” असे. मरीयेला तर तेवढेही नाही, तो तिच्याबरोबर रडला. पुढच्या काही क्षणांत आपण त्यांच्या भावाला, लाजराला, मेलेल्यांतून उठवणार आहोत हे माहीत असताना तो रडला. ज्याच्या हाती उपाय आहे तोही आधी रडतो, यावरून सोबत म्हणजे केवळ उपाय पोहोचवण्याचे साधन नव्हे, असे मी समजतो. आपण वडिलांच्या खाटेशी इतके महिने बसलात. आपल्या बसण्याने रोग हटला नाही. ते बसणे निरुपयोगी होते, असे आपले वडील म्हणाले असते काय?

आणि मत्तयाचे शुभवर्तमान एकदा सलग वाचा. पहिल्याच अध्यायात येशूला ‘इम्मानुएल’, म्हणजे ‘आम्हांबरोबर देव’, हे नाव आहे. शेवटच्या ओवीत ‘मी तुमच्याबरोबर आहे’ आहे. या दोन टोकांच्या मध्ये, 27व्या अध्यायात, तोच इम्मानुएल वधस्तंभावरून मोठ्याने ओरडतो : “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” हे 22व्या स्तोत्राचे पहिले वाक्य आहे. ‘आम्हांबरोबर देव’ असे ज्याचे नाव, त्याने स्वतःच देव बरोबर नसल्याची वेदना तोंडाने उच्चारली. तेव्हा आपण ज्या रिकाम्या खोलीत बसला आहात, तेथे तो आपल्या आधी जाऊन बसलेला आहे. मृत्यू का टळला नाही हे यातून कळत नाही, तरी ज्याने हे सोसले त्याच्या शब्दावर मी भरवसा टाकू शकतो, आणि माझ्या पत्नीच्या कबरेशी उभा असताना मी तेवढाच टाकू शकलो, त्याहून अधिक नाही.

उत्तर : मठाची वाट

मी कॅथलिक परंपरेतला, म्हणून तिकडचा एक धागा जोडतो. स्पेनमधील कार्मेल संघाचे संत योहान (1542–1591) यांना त्यांच्याच संघातील विरोधकांनी 1577 साली पकडून टोलेडो येथे सुमारे नऊ महिने एका अंधाऱ्या कोठडीत डांबले होते. आत्म्याच्या काळोख्या रात्रीविषयी त्यांनी जे लिहिले आहे त्यात एक फार उपयोगी खूण आहे. जो माणूस कोमट झालेला असतो त्याला देव जाणवत नाही याची खंतच नसते. ज्याला खंत लागून राहते, आपण देवापासून दूर तर गेलो नाही ना या काळजीने जो तळमळतो, त्याचा कोरडेपणा बहुधा निराळ्या जातीचा असतो. मनाच्या आजाराचीही शक्यता ते तेथेच विचारात घेतात, म्हणून वर ताईंनी दिलेला सल्ला मला फार योग्य वाटतो.

मदर तेरेसा यांची पत्रे त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, 2007 साली, प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांनी कित्येक दशके आत असाच अंधार सोसल्याचे जगाला कळले. काहींनी त्यावरून त्यांना ढोंगी ठरवले. मला ते अन्यायाचे वाटते. सकाळी चार-साडेचारला उठून, काहीही जाणवत नसताना, त्या प्रार्थनेला बसत राहिल्या आणि नंतर रुग्णांकडे जात राहिल्या. या ‘राहिल्या’ला भरवसा म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

उत्तर : शोधयात्री

उशिरा लिहितो आहे, क्षमस्व.

काल संडे स्कूल संपल्यावर त्या मुलीला थांबवून घेतले आणि सांगितले की, त्या दिवशी मी तुला खरे उत्तर दिले नव्हते. माझे बाबा गेल्यापासून मला देव जवळ आहे असे वाटत नाही, तरी तो आहे असे त्याने सांगितले आहे म्हणून मी त्याच्याशी बोलतो. मला वाटले होते ती गोंधळेल. तिने दप्तरातून ते चित्र काढले. पिवळी उशी, निळ्या लाटा, आणि मचव्यातली बाकीची माणसे नुसत्या रेघांची, रंगवायची राहिलेली. ती म्हणाली, “पण सर, तो झोपलाय ना, मग त्यांनी उठवलं तसं तुम्ही पण उठवा की.”

शिष्यांनी त्याला उठवताना गोड शब्द वापरले नव्हते. “गुरुजी, आपण बुडत आहोत, याची आपणाला काळजी नाही काय?” असे ते म्हणाले होते. अकरा वर्षे ही गोष्ट शिकवूनही हे वाक्य प्रार्थना म्हणून माझ्या लक्षात आले नव्हते. काल रात्री मी तेवढेच म्हटले, मोठ्याने, वडिलांच्या रिकाम्या खाटेकडे तोंड करून. काही जाणवले नाही. आज पुन्हा म्हणणार आहे.